काठावरचं माणूस

“भेगा पडल्यात तिथं पाय टाकायचा. काळं दिसंल तिथं टाकायचा न्हाई. आन् एकदम पांढरंफेक, बिनभेगाचं, ताटावाणी गुळगुळीत दिसलं, तर देवाचं नाव घ्यायचं आन् माघारी फिरायचं.”

यांचा आवाज. यांना जाऊन दुसरा उन्हाळा लागला, तरी धरणाचं पाणी खाली सरकू लागलं की हा आवाज माझ्या कानात आपसूक सुरू होतो. मी कधी गाळात पाऊल टाकलेलं नाही. तरी पायाला फळ्या बांधता बांधता हे रोज मलाच सांगायचे. मी म्हणायची, “मला कशाला सांगता? म्या थोडीच चाललेय?” तर म्हणायचे, “तुला सांगितलं म्हंजे माझ्या ध्यानात राहतं.”

आमची वाडी धरणाच्या वर, उतारावर आहे. जुनं गाव खाली पाण्यात गेलं तेव्हा मी या घरात आले नव्हते. चैत्र सरत आला की पाणी मागं मागं जातं आणि त्या गावाची खाचरं, बांध, विहिरीचं तोंड एकेक करून उघडं पडतं. जुन्या नदीच्या खोल जागी डोह राहतात आणि सगळी मासळी त्या डोहांत गोळा होते. पण डोहापर्यंत जायचं तर मधे गाळ. ऊन लागलं की त्याच्यावर साय धरते, दुधावर धरते तशी. वरून बघणाऱ्याला वाटावं, सारवलेलं अंगणच आहे. खाली माणूसभर चिखल.

त्या सायीवरून जायची आमच्याकडे रीत ठरलेली. जुन्या दाराच्या फळ्या कापून पायांना बांधायच्या, म्हणजे वजन पसरतं. हातात लांब कळक, म्हणजे भरीव बांबू, घ्यायचा. त्याने पुढची जागा ठोकून बघायची आणि चालताना तो आडवा धरायचा, म्हणजे पाय खाली गेला तरी कळक सायीवर अडकतो आणि माणूस तिथंच राहतं. पुढं गेलेल्याच्या पावलावर पाऊल टाकायचं नाही, कारण त्याच्या वजनाने ती जागा आधीच दुखावलेली असते. दोर कमरेला नाही, काखेखालून छातीला. आणि दोराचं दुसरं टोक काठावरच्या जांभळीला एक वेढा देऊन माणसाच्या हातात.

ते काठावरचं माणूस मी.

माझ्या गळ्यात माळ आहे. मासळी मी खात नाही, शिजवत नाही, तिच्या टोपलीला हात लावत नाही. पहाटे अंघोळ, तुळशीला पाणी, देवापुढं दिवा, मग जप, आणि जप झाल्याशिवाय तोंडात घोट नाही. सोमवार, एकादशी आहेतच. यांनी कधी त्याची थट्टा केली नाही, म्हणजे केली, पण माझा नेम कधी मोडू दिला नाही. एका हातात जपमाळ आणि दुसऱ्या हातात दोर घेऊन मी जांभळीखाली उभी असायची, तर गाळातून ओरडायचे, “एका हातात देव आन् एका हातात नवरा! सुटायचाच झाला तर कोन सुटला ते आधी कळव!”

काठावरच्या माणसाचं काम नुसतं दोर धरायचं नसतं. बोलायचंही असतं. गाळातल्याने थोडं पुढं गेलं की थांबून विचारायचं, “हाय का?” काठावरून उत्तर द्यायचं, “हाय.” बघणाऱ्याला पोरखेळ वाटेल. पण गाळात माणूस सारखं आपल्या पायाकडेच बघत असतं, किती लांब आलो याचं भान सुटतं. हाक मारायला तरी ते थांबतं, मान वर करतं, काठ बघतं. आणि दुसरं म्हणजे, पाण्यात पडलेलं माणूस धडपडतं, ओरडतं. गाळात जाणारं गप जातं.

हे गाळात गेले नाहीत. हिवाळ्यात छातीत दुखायला लागलं, भोरला नेलं, तिथून पुण्याला नेलं, आणि आणलं ते झाकून. इतकी वर्षं मी दोर धरला तो भलत्याच बाजूला, असं तेव्हा मनात आलं. देवाला तसं म्हणून दाखवलं नाही.

वाडीत आता धूर निघतो तो दोनच घरांतून. एक माझं. लेक सारिका शिवऱ्याला दिलेली, तिचं रोजचं असतं, “आये, हिकडं ये राह्यला, काय ठेवलंय तिथं?” दुसरं घर माझ्या थोरल्या दिरांचं, आनंदरावांचं. आमची अंगणं एकाला एक लागून. पण आनंदराव थोरले, आणि मी धाकट्याची बायको. लग्न होऊन आले तेव्हा सासूबाईंनी सांगितलं होतं, दादांपुढं डोक्यावरचा पदर ढळू द्यायचा नाही आणि तोंड उघडायचं नाही. ते मी पाळलं. काही सांगायचं असलं तर यांच्याकडून सांगायची, नाहीतर माझ्या जाऊबाई, भामाआक्कांकडून. दादाही तसेच. “तिला म्हणावं, चहा दे,” असं माझ्यासमोर यांना म्हणायचे. गाळातही दोघे भाऊ बरोबरच जायचे, यांचा दोर माझ्या हातात, दादांचा आक्कांच्या.

मग हे गेले. आणि या फाल्गुनात आक्का गुडघ्याच्या ऑपरेशनसाठी कापूरहोळला लेकाकडे गेल्या, त्या तिथंच. आमच्या दोघांच्या मधे बोलणारं कुणी उरलंच नाही. म्हणून मग कपिला.

कपिला म्हणजे आमची गाय. तिचा गोठा दोन्ही अंगणांच्या मधे. सकाळी दादा गोठ्याशी येऊन म्हणायचे, “कपिले, पीठ संपलंय म्हणावं.” मी आतून म्हणायची, “कपिले, डब्यात काढून ठेवलंय, उंबऱ्यावर.” “कपिले, आज आमटी खारट झाली व्हती, म्हणावं.” “कपिले, खारट झाली तर दोनदा का वाढून घेतली, म्हणावं.” कपिला रवंथ करायची. तिला काय वाटत असेल ते तिलाच माहीत.

चैत्राच्या अखेरीला एक दिवस जप करता करता खालून आवाज आला.

“हाय का?”

माझा मणी बोटात अडकला. पुन्हा आला. “हाय का?” आणि मग काही नाही. मी उठून अंगणाच्या कडेला गेले. खाली राखाडी गाळावर दादा एकटे चालले होते. पायाला फळ्या, हातात कळक, छातीला दोर. दोराचं टोक जांभळीला बांधलेलं, आणि जांभळीखाली कुणी नव्हतं. ते थांबले, मान वळवून रिकाम्या काठाकडे बघितलं, जरा वेळ तसेच उभे राहिले, आणि पुढं चालायला लागले.

आल्यावर त्यांनी धरलेली मरळ मासळी साफ केली, डब्यात भरली आणि गोरखच्या दुधाच्या टेम्पोत देऊन कापूरहोळला पाठवली. मग मला कळलं. ऑपरेशनच्या जखमेला मरळ चांगली, असं आमच्याकडे सगळेच मानतात.

दोन-चार दिवसांनी आक्कांचा फोन आला.

“सुले, बरी हायस न्हवं?”

“बरी हाय आक्का. गुडघा काय म्हणतोय?”

“गुडघा कशाला म्हणतोय! म्हणती ती सून. चाला, चाला, चाला. आगं नवा गुडघा हाय, का नवा टेम्पो हाय, येरझाऱ्या घालून बघायला?” आणि हसल्या. “मरळ आली बग. अशी गोड! डॉक्टर म्हणतोय, आजी, जखम लई लौकर भरली. म्या म्हणलं, तुझ्या गोळ्यांनी न्हाई बाबा भरली.”

“बरं झालं.”

“आदी म्या ह्यांना लई बोलले. म्हणलं, एकट्यानं गाळात जाशीला तर याद राखा. तर म्हणाले, एकटा कुटं, सुलक्षणा दोर धरतीया की. मग म्हणलं जा. तू हायस म्हणून जिवाला घोर न्हाई माझ्या.”

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

“ऐकू येतंय का? रेंज गेली जणू.”

“येतंय. बरं आक्का,” मी म्हटलं आणि फोन ठेवला.

खोटं बोलायचं नाही, हा माझा रोजचा नेम. दिव्याइतकाच पाळलेला. त्या दिवशी मी खोटं बोलले नव्हते, पण कुणीतरी माझ्या नावाने बोललं होतं आणि मी ‘बरं’ म्हटलं होतं. रात्री अंथरुणावर पडल्यावर तेच. ‘बरं’ हे खरं की खोटं?

दुसऱ्या दिवशी शेण काढायला गेले तेव्हा दादा गोठ्याशी उभे होते. मी पाटी हातात धरूनच म्हटलं, “कपिले, आक्कांचा फोन आल्ता. गाळात एकट्यानं जाऊ नये म्हणतात.”

“कपिले, सांग त्यांना, एकटा कुटं जातोय? डोक्यावर सूर्य असतोय.”

“कपिले, सूर्याला दोर धरता येत न्हाई.”

 दादा कपिलेच्या पाठीवरून हात फिरवत म्हणाले, “माणूस असतं तर धरलं नसतं का, कपिले? वाडीत आता माणसं हायत कुटं?”

आणि मी तिथंच उभी होते. हाताच्या अंतरावर, शेणाची पाटी घेऊन.

त्यांच्या बोलण्यात टोमणा नव्हता. त्यांना खरंच तसंच वाटत होतं. काठावरच्या माणसाने हाक द्यायची असते, ‘थांबा’ म्हणायचं असतं, ‘मागं फिरा’ म्हणायचं असतं. धाकट्या भावाच्या बायकोने थोरल्या दिराला असं ओरडून सांगावं, हे त्यांच्या डोक्यात येणं शक्य नव्हतं. माझ्याही आलं नव्हतं. मला कुणी अडवलं नव्हतं. सासूबाई जाऊनही किती वर्षं झाली. तरी रोज सकाळी तो आवाज यायचा, मी मणी धरून बसायची, आणि दुसरी हाक येईपर्यंत पुढचा मणी सरकायचा नाही. दुसरी हाक आली म्हणजे माणूस अजून वर आहे. एवढाच माझा दोर.

मग वैशाखात एका दुपारी वळीव आला. गारांसकट. तासाभरात निवळलाही. दुसरा दिवस कडक उन्हाचा गेला, आणि त्याच्या पुढच्या सकाळी मी तुळशीला पाणी घालताना खाली बघितलं, तर सगळा गाळ पांढरा. पांढराफेक. एक भेग नाही. ताट घासून ठेवावं तसा.

वळवाचं पाणी भेगांतून आत जातं आणि आतला गाळ पुन्हा पातळ होतो. वरची साय मात्र एका उन्हात धरते, तीही नवी, कोवळी. अशा वेळी हे चार-पाच दिवस डोहाकडे फिरकायचे नाहीत. घरात बसून जाळं दुरुस्त करायचे आणि माझ्या शिव्या खायचे, कारण दिवसभर पायात पायात करायचे.

मी दादांच्या पडवीकडे बघितलं. खुंटीवर दोर नव्हता.

दिवा लावलेला नव्हता. हातातला तांब्या मी तुळशीपाशीच ठेवला आणि तशीच उतारावरून पळत सुटले. पळायची सवय नाही, निऱ्या पायात येत होत्या. जांभळीपाशी पोचले तेव्हा दादा बरेच पुढं गेले होते. अलीकडच्या डोहातली मासळी संपली असावी, कारण ते जननीच्या पलीकडच्या डोहाकडे निघाले होते.

जननी आमच्या जुन्या गावाची देवी. गाव वर आलं तेव्हा तिची मूर्ती वर आणली, पण शेंदूर लावलेला मूळ दगड, तिचा तांदळा, हलला नाही म्हणून तिथंच ठेवला. वर्षातून दोन महिने ती उघड्यावर येते. तिच्याभोवती दगडी फरशीचं अंगण होतं, घट्ट. म्हणून तिच्या शिवेच्या दगडापाशी आलं की गाळात जाणारे पायातल्या फळ्या काढायचे आणि पुढची वाट अनवाणी जायचे. देवीच्या दारात पायात काही घालून कोण जाईल? पण गेल्या पावसाळ्यात वरच्या डोंगराची दरड आली, आणि त्या फरशीवर आता गाळाचा केवढा थर बसलाय ते कुणी मोजलं नव्हतं.

शिवेच्या दगडाला दादांच्या दोन्ही फळ्या टेकवून ठेवलेल्या दिसल्या. देवळाबाहेर चपला ठेवाव्यात तशा, जोडीने. आणि त्यांच्या पलीकडे ते, अनवाणी. कळक काखेत धरलेला, कारण हात जोडलेले होते.

नमस्कार करून झाल्यावर ते थांबले. मागं न बघताच, सवयीने, त्यांनी हाक दिली.

“हाय का?”

माझं तोंड उघडलं. आवाज आला नाही. खरंच आला नाही, देवाशपथ. 

त्यांनी पुढचं पाऊल टाकलं आणि ते मांडीपर्यंत खाली गेले. ओरडले नाहीत. कळक बाजूला पडला. एक पाय उपसायला त्यांनी दुसऱ्यावर भार दिला, तसा दुसराही गेला. सगळं इतकं शांत होतं की डोहावरचा बगळासुद्धा उडाला नाही.

“दादा! पालथं पडा!”

हा आवाज माझा होता, हे मला जरा उशिराच कळलं.

त्यांनी मान वळवली. “कोन हाय?”

“म्या! सुलक्षणा!”

“कोन?”

“आवं आदी पडा, मग बघा कोन हाय ते! पालथं! छाती टेका! कळक घ्या म्होरं, दोनी हातांत, आडवा!”

ते पडले. चिखलात तोंडावर. मी जांभळीची गाठ सोडली, बुंध्याला एक वेढा ठेवला आणि सैल दोर भराभर ओढून घेतला. त्यांच्या छातीशी दोर ताठ झाला तसं ते बुडायचे थांबले. मग नुसतंच तसं. मी ओढू शकत नव्हते, फक्त धरू शकत होते.

“पाय उपसू नका दादा! फिरवा! ताकात रवी फिरवतात तसा, थोडा थोडा! पाणी आत जाऊ द्या!”

“फिरंना!”

“फिरंल! घाई करू नका. घाई कुटं हाय, टेम्पो गेला तर जाऊ दे!”

थोड्या वेळाने त्यांचा एक पाय सुटलेला दोराला जाणवला. वीतभर दोर आला, मी तो वेढ्यात घेतला. मग पुन्हा काही नाही. त्यांच्या डोळ्यांत चिखल गेला होता. ते डोकं इकडून तिकडं फिरवत होते, उलट्या बाजूला वळायला लागले होते.

“दादा, हिकडं! हिकडं काठ हाय!”

“दिसंना मला काय! बोल तू! बोलत ऱ्हा! आवाज थांबला की कुटं सरकावं कळंना!”

बोलत राहा. काय बोलू? ज्या माणसाशी जन्मात एक शब्द बोलले नाही त्याच्याशी एकदम काय बोलायचं? देवाचं नाव घ्यायला लागले तर ते म्हणाले, “त्ये मनात घे, मोठ्यानं दुसरं काय तर बोल, जप केलास का मला झोप येती!” मग जे तोंडाला आलं ते बोलले. कपिला गाभण आहे म्हणून सांगितलं. आमटी त्या दिवशी खरंच खारट झाली होती, हे कबूल केलं. सारिकाच्या सासूचा स्वभाव सांगितला. पडवीचं कौल सरकलंय, पावसाच्या आत बसवायला हवं. “आन् तुमच्या परड्यातल्या शेवग्याच्या शेंगा म्याच तोडते, दादा. आक्कांना ठावं हाय.”

चिखलातून आवाज आला, “मला वाटलं वान्नरं न्हेतात!”

“न्हाई, म्याच!”

“वान्नरांना धोंडं मारलं की गं म्या फुकट!”

हसायची ती वेळ नव्हती, पण मला हसू आलं आणि डोळ्यांतून पाणीही आलं, आणि दोर तेवढा घट्ट होता. असं करत करत, पालीसारखे सरपटत, कळक पुढं ढकलत, त्यावर छाती टाकत ते घट्ट जमिनीला लागले. ऊन डोक्यावर आलं होतं. माझ्या तळहातांची साल गेली होती. ते काठावर उताणे पडून राहिले, अंगावर जागा दिसू नये इतका चिखल.

घरी पळत जाऊन मी पाणी आणलं. तांब्या त्यांच्या हाताशी ठेवला आणि पाठ फिरवून उभी राहिले. सवय.

पाणी प्यायल्यावर ते म्हणाले, “फळ्या तिथंच राहिल्या.”

“राहू द्या.”

“देवीच्या दारात पायात घालून कसं जायाचं? तूच सांग. तुला नेमधर्म कळतो.”

मी विचार केला. असं कुणी मला विचारलं नव्हतं कधी. “लंगडं माणूस कुबडी घिऊनच देवळात जातं, दादा. त्याला कोन काढ म्हणतं का? गाळात समदेच लंगडे. फळ्या पायातच असू द्या. पाप लागत असंल तर माझ्या नावावर.”

त्यांनी तोंडावरचा चिखल पुसला. मग उठता उठता म्हणाले, “बास झालं आता. न्हाई जायाचं पुन्ना.” आणि दोन पावलं गेल्यावर, “आमच्या हिला काय बोलू नको ह्यातलं.”

मी घरी आले, हाताला हळद लावली, अंघोळ केली आणि उशिराचा का होईना दिवा लावला. जप संपवून दोन घास खायला बसले, तेव्हा शेजारून आवाज सुरू झाला. हातोडीचा.

मी ताट बाजूला सारून कुडाशी गेले. दादा पडवीत बसून एका जुन्या फळकुटाला खिळे ठोकत होते. खिळे वाकडे जात होते, ते पुन्हा उपटत होते. शेजारी दुसरं फळकूट कापून तयार ठेवलेलं. पायाच्या मापाचं.

मी आत येऊन फोन लावला. आजवर मी आपण होऊन आक्कांना फोन केलेला नव्हता.

“काय गं? बरी हायस ना? ह्ये बरं हायत ना?”

“समदं बरं हाय. आक्का, आजपतोर म्या दोर धरलेला न्हाई.”

“म्हंजी?”

“दादा एकटेच जात व्हते. आज गेले, आन् फसले. आज पयल्यांदा धरला म्या.”

पलीकडे टीव्ही चालू होता, तो कुणीतरी बंद केला. “जित्ते हायत न्हवं?”

“हायत. नव्या फळ्या ठोकतायत.”

“फुटलं ह्येंचं नशीब!” आक्का म्हणाल्या. शिव्या देतील असं वाटलं होतं, त्यांना किंवा मला. आवाज आला तो अगदी बारीक. “सुले, मरळ नको मला. गुडघा भरलाय. त्ये आता मरळीसाठी न्हाई जात. चिमाजीभावजी व्हते तवा दोगं भाऊ संगं जायाचे, तुला ठावंच हाय. आता घरात बसवत न्हाई त्येंना. तिथं जाऊन हाक मारायची, आन् मागारी यायचं. म्या नको म्हणलं तरी जाणार. म्या आले तरी जाणार.”

मी कुडाच्या फटीतून बघत होते. त्यांनी एक फळी पायाखाली घेऊन उभं राहून बघितली.

“तुला जमंल का?” आक्कांनी विचारलं. “लाज सोडावी लागंल बग. वरडावं लागंल.”

“वरडले आज.”

“तू?” आणि त्या परिस्थितीतही त्या हसल्या. “काय म्हणालीस?”

“पालथं पडा म्हणलं.”

“अगं माझे आई! माज्या लग्नापास्न म्या म्हणतेय, ऐकतंय कोन!” मग पुन्हा गंभीर झाल्या. “नुसतं धरू नको. नको त्या दिवशी नको म्हणायचं. म्हणशील?”

“म्हणीन.”

“म्या येईस्तोवर. शबूद दे.”

“दिला आक्का,” मी म्हटलं. हे ‘बरं’ नव्हतं.

संध्याकाळी दादा गोठ्याशी आले. “कपिले,” त्यांनी सुरुवात केली, आणि थांबले. घसा खाकरला. माझ्या दाराकडे न बघता म्हणाले, “हाताला काय लावलंस का?”

“हळद.”

“हं,” म्हणाले, आणि गेले. एवढंच. रात्री दोन्ही घरांतले दिवे आपापल्या वेळी मालवले.

दुसऱ्या दिवशी मी नेहमीपेक्षा लवकर उठले. थंड पाण्याने अंघोळ केली, दिवा लावला, तुळशीला पाणी घातलं. जप निम्माच झाला. उरलेला तिथं बसून करता येईल, असा देवाशी करार केला. यांच्याशीही काही बोलावंसं वाटलं, पण बोलायला लागले तर उशीर झाला असता. तळहातांना फडकी बांधली. उजाडायला लागलं होतं. खाली गाळ तसाच पांढरा होता, भेग पडायला अजून तीन-चार उन्हं तरी हवी होती.

दादांच्या पडवीत नव्या फळ्या भिंतीला टेकवून ठेवल्या होत्या, आणि खुंटीवर दोर, धुऊन वाळवलेला. मी पदर डोक्यावर घेतला, पडवीत पाय टाकला, दोर काढून खांद्यावर घेतला. ओला असता तर जड झाला असता. तसा फार नव्हता. आता दोर माझ्याकडे म्हटल्यावर माझ्याशी बोलल्याशिवाय कुणाला गाळात उतरता येणार नव्हतं. आज काय सांगायचं ते मी मनात दोनदा म्हणून बघितलं. ‘आज न्हाई, दादा. हिथंच बसू.’

आतून खोकल्याचा आवाज आला, मग दाराची कडी वाजली. मी मागं बघितलं नाही. उतारावरची खडी पायाखाली घसरत होती, म्हणून जपून, एकेक पाऊल बघत, जांभळीच्या वाटेला लागले.